एकशे पंच्याहत्तर दिवसांची प्रदक्षिणा

फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न यांनी १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका कादंबरीत फिलिअस फॉग नावाच्या इंग्रज गृहस्थास ८० दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा घडविली. ती झाली कल्पनेतील गोष्ट. परंतु पुढे नेली ब्लाय या अमेरिकन वार्ताहर स्त्रीने आगबोटी व आगगाड्या यांच्या साहाय्याने अशी प्रदक्षिणा खरोखरच केली आणि १८९० च्या जानेवारीत ती अवघ्या ७२ दिवसांत परत आली. त्यानंतर ३४ वर्षांनी माणूस प्रथमच विमानात बसून पृथ्वीभोवती फिरून आला. त्याला किती दिवस लागले असतील? तीस? चाळीस? त्याला लागले १७५ दिवस! आकाशमार्गे जाणाऱ्यास जमिनीवरून व पाण्यावरून जाणाऱ्याच्या दुपटीहून अधिक काळ लागावा, हे एक कोडेच वाटते. या कोड्याचे उत्तर शोधू लागलो, म्हणजे एक मोठी चित्तवेधक हकीकत आपल्यासमोर उभी राहते.

हे विमान होते तरी कसे? अमेरिकेतील डोनाल्ड डग्लस यांच्या कारखान्यात तयार झालेले ते द्विपंखी विमान होते. म्हणजे त्याला पंखांच्या दोन जोड्या होत्या, एकावर एक अशा. सांगाडा लाकडाचा व पोलादी नळ्यांचा, आणि त्यावर ताणून बसविलेले कापड. दोन पंखांमधील खांब आणि तारा यांना वारा अडत असे, त्यामुळे ४०० अश्वशक्तीचे इंजिन सारा जोर लावी तरी विमानाचा वेग ताशी १६५ किलोमीटरांपलीकडे जात नसे. प्रत्यक्ष प्रवासात तो सरासरीने ताशी १२० किलोमीटरांच्या आसपासच पडला. आजची प्रवासी विमाने ताशी ९०० किलोमीटर वेगाने जातात, हे ध्यानात घ्यावे. वैमानिक आणि त्याचा सहकारी एकामागे एक बसत. त्यांच्या डोक्यावर छप्पर नव्हते. पाऊस, बर्फ, इंजिनातून उडणारे तेल, सारे तोंडावर घ्यावे लागे. बिनतारी संदेशयंत्रही बरोबर घेतले नव्हते. नकाशा, होकायंत्र आणि खाली दिसणारा किनारा एवढाच वाटाड्या.

या विमानांची आणखी एक गंमत होती. त्यांची चाके काढून त्या जागी लांबट होड्या बसविता येत. होड्या लावल्या की विमान समुद्रावर किंवा नदीवर उतरे. चाके लावली की मैदानावर. १९२४ साली जगाच्या बहुतेक भागांत विमानतळ नव्हतेच, पण पाणी मात्र सगळीकडे होते!

आता हिशेब पाहा. संपूर्ण प्रवास ४२,००० किलोमीटरांहून अधिक झाला. विमाने प्रत्यक्ष हवेत होती तो सारा वेळ एकत्र केला, तर पुरते १६ दिवसही भरत नाहीत. उरलेले जवळजवळ १६० दिवस जमिनीवर आणि पाण्यावर गेले. कधी धुके निवळण्याची वाट पाहण्यात, कधी इंजिन बदलण्यात, कधी फाटलेले कापड शिवण्यात, तर कधी दुसऱ्याच्या मदतीस धावण्यात. वर्तमानपत्रांनी उड्डाणांचीच वर्णने अधिक छापली. पण या मोहिमेची खरी कसोटी त्या १६० दिवसांतच लागली, असे मला वाटते.

दि. ६ एप्रिल १९२४ रोजी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सिॲटल या शहरापासून चार विमाने निघाली. त्यांना अमेरिकेतील शहरांचीच नावे दिली होती: ‘सिॲटल’, ‘शिकागो’, ‘बोस्टन’ आणि ‘न्यू ऑर्लिअन्स’. प्रत्येकात दोन, असे एकूण आठ जण होते. सर्व अमेरिकी सैन्याच्या हवाई दलातील. मेजर फ्रेडरिक मार्टिन हे त्यांचे प्रमुख. मार्ग पश्चिमेचा ठरला होता व त्यास कारण होते. अलास्कातून वसंतात पुढे सरकावे, चीनच्या समुद्रातील तुफानांचा आणि ब्रह्मदेश व हिंदुस्थानातील पावसाळ्याचा जोर वाढण्यापूर्वी तो प्रदेश ओलांडावा, आणि ग्रीनलंडची वाट हिवाळ्याने बंद होण्याच्या आत तेथे पोहोचावे, असा तो बेत होता. वर्गातील पृथ्वीचा गोल समोर घेऊन हा मार्ग बोटाने काढून पाहावा. म्हणजे ऋतूंचे आणि मार्गाचे हे गणित किती विचाराने मांडले होते, ते समजेल.

परंतु गणित कागदावर सुटते तसे आकाशात सुटत नाही. अलास्कात पोहोचताच धुके आणि हिमवादळे यांनी विमानांना घेरले. मार्टिन यांचे विमान बिघाडामुळे मागे राहिले होते. ३० एप्रिल रोजी इतरांना गाठण्यासाठी ते निघाले आणि दाट धुक्यात एका बर्फाच्छादित डोंगरावर जाऊन आदळले. ‘सिॲटल’ विमानाचे तुकडे झाले. मार्टिन व त्यांचे सहकारी सार्जंट हार्वी हे मात्र दैवाने वाचले. भोवती मनुष्यवस्ती नव्हती. बर्फ तुडवीत, वाटेत सापडलेल्या एका शिकाऱ्याच्या रिकाम्या झोपडीत आसरा घेत ते चालत राहिले आणि दहाव्या दिवशी समुद्रकाठच्या एका मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यापाशी पोहोचले.

आता उरलेल्या तीन विमानांची धुरा लेफ्टनंट लॉवेल स्मिथ यांच्याकडे आली. ते ‘शिकागो’चे वैमानिक होते. त्यांचे सहकारी लेफ्टनंट लेस्ली अर्नोल्ड. ‘बोस्टन’मध्ये लेफ्टनंट ली वेड व सार्जंट हेन्री ऑग्डेन, आणि ‘न्यू ऑर्लिअन्स’मध्ये लेफ्टनंट एरिक नेल्सन व लेफ्टनंट जॉन हार्डिंग. हे सहा जण बेटामागून बेट गाठीत, रशियाच्या कमांडर बेटांजवळून मे महिन्याच्या मध्यास जपानच्या कुरील बेटांवर उतरले. पॅसिफिक महासागर विमानाने ओलांडला गेला तो प्रथमच.

जपानात पोहोचल्यावर स्मिथ यांच्यापुढे एक निराळाच प्रश्न उभा राहिला.

त्या वर्षी पृथ्वीप्रदक्षिणेसाठी निघालेले अमेरिकन काही एकटेच नव्हते. ब्रिटनचे स्क्वाड्रन लीडर मॅकलॅरन हे दोन सहकाऱ्यांसह २५ मार्च रोजीच, म्हणजे अमेरिकनांच्या आधी बारा दिवस, इंग्लंडहून निघाले होते. त्यांची दिशा पूर्वेची. इराक, हिंदुस्थान हे देश ओलांडून ते ब्रह्मदेशात अक्याब येथे आले. आज या गावास सित्वे म्हणतात. तेथे मे महिन्याच्या अखेरीस त्यांचे विमान मोडले, ते दुरुस्त होण्यापलीकडे. त्यांच्यासाठी आणखी एक विमान तयार ठेवलेले होते. परंतु ते होते जपानच्या उत्तरेकडील हाकोदाते बंदरात, कित्येक हजार किलोमीटर दूर. नेहमीच्या मालवाहू बोटीने ते अक्याबला येईपर्यंत ऋतू निघून गेला असता आणि मॅकलॅरन यांची मोहीम तेथेच संपली असती.

जपानी समुद्रात अमेरिकी आरमाराच्या वेगवान विनाशिका स्मिथ यांच्या मोहिमेच्या मदतीस होत्या. ब्रिटिशांची जपानमधील व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्याने आपली अडचण अमेरिकनांस सांगितली. येथे क्षणभर थांबून विचार करावा. पृथ्वीप्रदक्षिणेचा पहिला मान एकालाच मिळणार होता. प्रतिस्पर्धी आपोआप बाजूस पडला होता. त्यात अमेरिकनांचा काही दोष नव्हता. गप्प राहिले असते तर त्यांना कोणी बोल लावला नसता. उलट मदत केली तर तोच प्रतिस्पर्धी पुन्हा उभा राहणार आणि कदाचित आपल्या आधी घरी पोहोचणार! स्मिथ यांनी मदतीच्या बाजूने कौल दिला. आरमारानेही मान्यता दिली. हाकोदातेहून ते विमान अमेरिकी विनाशिकांवर चढविण्यात आले आणि जूनच्या मध्यापूर्वीच ते अक्याबला मॅकलॅरन यांच्या हाती पडले. त्याच विमानातून ते पुन्हा पूर्वेकडे निघाले.

इकडे अमेरिकन विमाने शांघाय, हाँगकाँग असे टप्पे घेत दक्षिणेकडे येत होती. उष्ण प्रदेशात इंजिने तापू लागली. आजच्या व्हिएतनाममधील ह्यूए या प्राचीन राजधानीजवळ ‘शिकागो’चे इंजिन तापून निकामी झाले व स्मिथ यांना एका खाजणात उतरावे लागले. नवे इंजिन होते सैगावला. तेथून ते विनाशिकेने आणि पुढे मालमोटारीने येईपर्यंत विमान सुरक्षित जागी न्यावयास हवे होते. ते कोणी नेले? तेथील नावाड्यांनी. तीन होड्यांना विमान बांधले आणि वल्ही मारीत, ४० किलोमीटरांचे अंतर तोडीत, दहा तासांनी त्यांनी ते ह्यूएला आणून पोहोचविले. ४०० अश्वशक्तीचे यंत्र थांबले, तेव्हा माणसांच्या दंडांनी ते ओढले. या नावाड्यांची नावे इतिहासात लिहिलेली नाहीत. पृथ्वीप्रदक्षिणेच्या अंतरातील हे ४० किलोमीटर मात्र त्यांच्या घामाचे आहेत.

सयाम आणि ब्रह्मदेश ओलांडून २६ जून रोजी विमाने कलकत्त्यास हुगळी नदीत उतरली. येथून पुढे जमिनीवरचा प्रवास होता. म्हणून विमाने पाण्यातून काढून मैदानावर आणली, होड्या सोडविल्या आणि चाके बसविली. कलकत्त्याचे ‘मैदान’ म्हणून जे विस्तीर्ण पटांगण प्रसिद्ध आहे, तेच हे. याच मुक्कामात एका रात्री अंधारात पाय घसरून स्मिथ पडले आणि त्यांची एक बरगडी मोडली. त्यांनी विश्रांती घेण्याचे नाकारले. मोडलेली बरगडी घेऊन हादरणाऱ्या विमानात बसणे शहाणपणाचे होते, असे कोणताही वैद्य म्हणणार नाही. पण मागून पावसाळा येत होता व पुढे ग्रीनलंडचा हिवाळा वाट पाहत होता. १ जुलै रोजी विमाने कलकत्त्याहून उडाली. अलाहाबाद, अंबाला, मुलतान असे मुक्काम करीत, जुलैच्या उन्हात भाजत ती ४ जुलै रोजी कराचीस पोहोचली. कराची गाठण्यास तासाभराचा अवकाश असताना ‘न्यू ऑर्लिअन्स’च्या इंजिनात मोठा बिघाड झाला, नेल्सन यांनी ते कसेबसे रेटीत आणले. कराचीस तिन्ही विमानांची इंजिने बदलण्यात आली.

पुढचा टप्पा मात्र झपाट्याने पार पडला. बगदाद, इस्तंबूल, व्हिएन्ना यांवरून विमाने १४ जुलै रोजी, फ्रान्सच्या राष्ट्रीय उत्सवाच्या दिवशीच, पॅरिसवर आली. दोन दिवसांनी लंडन. तेथून उत्तर इंग्लंडात जाऊन चाके पुन्हा उतरविली व होड्या चढविल्या. आता समोर अटलांटिकचा उत्तर भाग होता, सर्वांत अवघड.

३ ऑगस्ट रोजी स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांपासून आइसलंडकडे जात असता ‘बोस्टन’च्या इंजिनातील तेलाचा दाब एकाएकी नाहीसा झाला. तेलावाचून इंजिन जळून जाते. वेड यांनी खवळलेल्या समुद्रावरच विमान उतरविले. वर घिरट्या घालणारे स्मिथ मदतीसाठी खाली येऊ लागले, तेव्हा वेड यांनी हातवारे करून त्यांना निक्षून परत लावले. लाटा इतक्या मोठ्या होत्या की, उतरलेले दुसरे विमानही पुन्हा उडू शकले नसते. स्मिथ मागे फिरले व एका अमेरिकी विनाशिकेवर चिठ्ठी टाकून त्यांनी खबर दिली. वेड आणि ऑग्डेन यांना त्या लाटांवर तासन् तास वाट पाहावी लागली. अखेर जहाजे आली, दोघेही वाचले. ‘रिचमंड’ या युद्धनौकेने विमान वर उचलून घेण्याचा प्रयत्न केला. पण उचलण्याची यंत्रणा तुटली, विमान पाण्यावर आपटले व मोडले. मग ते दोराने ओढीत नेऊ लागले. किनारा दूर नसतानाच ते उलटले आणि बुडाले. चार महिने ज्या यंत्राला आपण जपले, ते डोळ्यांदेखत पाण्याखाली जाताना त्या दोघांना काय वाटले असेल!

त्याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस मॅकलॅरन यांचीही मोहीम संपत होती. ऑगस्टच्या आरंभी कमांडर बेटांजवळ धुक्याने वेढल्यामुळे त्यांना समुद्रावर उतरावे लागले व विमान निकामी झाले. त्यांना व त्यांच्या सोबत्यांना ‘थीपव्हाल’ या कॅनडाच्या जहाजाने उचलून घेतले. अमेरिकनांनी पोहोचविलेल्या विमानाने त्यांना ब्रह्मदेशापासून तेथपर्यंत आणले होते.

आइसलंडमध्ये लोकातेल्ली नावाचे इटालियन वैमानिक अमेरिकनांस भेटले. त्यांचे विमान अधिक वेगाचे होते. पुढचा प्रवास बरोबर करू द्यावा, ही त्यांची विनंती स्मिथ यांनी मान्य केली. २१ ऑगस्ट रोजी सर्व निघाले. लोकातेल्ली वेगाने पुढे गेले आणि धुक्यात दिसेनासे झाले. ‘शिकागो’ व ‘न्यू ऑर्लिअन्स’ ही मंद विमाने लाटांपासून थोड्याच उंचीवरून, धुक्यातून अचानक समोर येणारे हिमनग चुकवीत, अकरा तासांच्या सुमारास ग्रीनलंडला पोहोचली. लोकातेल्ली मात्र पोहोचले नाहीत. त्यांच्यासाठी जहाजांनी समुद्र पिंजून काढला आणि तीन दिवसांनी ‘रिचमंड’ने त्यांना व त्यांच्या सोबत्यांना लाटांवर तरंगताना शोधून काढले. वेगवान विमान सोडून देणे भाग पडले. माणसे सर्व वाचली.

शेवटचा समुद्र ३१ ऑगस्ट रोजी ओलांडावयाचा होता. ग्रीनलंडहून कॅनडाच्या लॅब्राडॉरकडे येताना ‘शिकागो’चे पेट्रोल वर चढविणारे पंप बंद पडले. मग अर्नोल्ड यांनी हातपंप चालविण्यास सुरुवात केली. हात थांबला असता तर इंजिनही थांबले असते, आणि खाली थंडगार समुद्र. जवळजवळ तीन तास ते हात चालवीत राहिले. त्या तीन तासांत ‘शिकागो’ला पुढे नेणारे खरे यंत्र अर्नोल्ड यांचा दंडच होता. जमीन दिसली तेव्हा अमेरिका खंडावर ते परत आले होते.

आता एक गोष्ट उरली होती. वेड आणि ऑग्डेन यांचे विमान समुद्राच्या तळाशी होते. त्यांच्याशिवाय उरलेला मार्ग आक्रमण्यास काहीच हरकत नव्हती. पण या विमानांचा पहिला नमुना म्हणून तयार केलेले एक विमान अमेरिकेत होते. त्याला ‘बोस्टन-२’ असे नाव देऊन कॅनडातील पिक्टू या गावी आणून ठेवले. तेथे ते दोघे त्यात बसले आणि पुन्हा तीन विमाने एकत्र उडाली. वॉशिंग्टनला अध्यक्ष कूलिज हे पावसात उभे राहून त्यांची वाट पाहत होते. पुढे गावोगावी स्वागत होत गेले. अमेरिका खंड ओलांडण्यास जवळजवळ महिना लागला, तो काही विमानांच्या मंदपणामुळे नव्हे, तर हारतुऱ्यांमुळे!

या विमानांपैकी ‘शिकागो’ आज वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय हवाई व अवकाश संग्रहालयाच्या मालकीचे आहे. अलास्कातील डोंगरावर मोडलेल्या ‘सिॲटल’चे अवशेष पुढे गोळा करून अँकरेज येथील संग्रहालयात ठेवण्यात आले. संथ विमानाची ओढ मात्र संग्रहालयात बंद झालेली नाही. इ. स. २००० मध्ये रॉबर्ट रॅगोझिनो या अमेरिकन वैमानिकाने १९४२ साली बनविलेल्या, बिनछपराच्या द्विपंखी विमानातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. विमानविद्या इतकी पुढे गेल्यावरही त्यांना पाच महिन्यांहून अधिक काळ लागला.

२८ सप्टेंबर १९२४ रोजी तिन्ही विमाने सिॲटलला परत आली आणि वर्तुळ पूर्ण झाले. धावपट्टीवर उतरलेल्या त्या सहा जणांत, ज्यांचे स्वतःचे विमान आठ आठवड्यांपूर्वी अटलांटिकच्या तळाशी गेले होते, ते वेड आणि ऑग्डेनही होते.